शेवटचं प्रकरण कावेरीचं नाही

काशीमीऱ्याला हायवेलगत, गॅरेजांच्या रांगेत एक धरमकाटा आहे. ट्रक येतो, लोखंडी पाटावर उभा राहतो, केबिनमधला माणूस वजनाची पर्ची देतो, ट्रक जातो. त्या केबिनमध्ये गेली बावीस वर्षं दिवसपाळीला दत्ताराम मालंडकर बसतात. उंची बेताची, मिशा भरघोस, शिक्षण नववी पास आणि दहावीची नुसती फी भरलेली. लालबागच्या चाळीतून भाईंदर पूर्वेला आलेले, घरी बायको अंबिका आणि मुलगी क्षितिजा. एवढी माहिती कुठल्याही रेशनकार्डावर मिळेल. रेशनकार्डावर लिहिलेलं नसतं ते असं, की हा माणूस वाचतो. आणि कधी वाचतो, तर दोन ट्रकांच्या मध्ये.

एक ट्रक पाटावरून उतरून दुसरा चढेपर्यंत कधी तीन मिनिटं मिळतात, कधी पंधरा. तेवढ्यात मालंडकरांची दोन पानं होतात. ड्रायव्हर लोकांना हे माहीत आहे. एखादा नवखा खिडकीवर थाप मारून "चाचा, पर्ची" म्हणून ओरडला, तर मागचा जुना ड्रायव्हर त्याला गप्प करतो, "रुक ना, पॅरा पूरा करने दे." खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

हे वेड काही लहानपणापासूनचं नाही बरं का. चाळिशी उलटेपर्यंत मालंडकरांनी पेपर सोडून काही वाचलं नव्हतं. क्षितिजा चौदा वर्षांची झाली आणि एकाएकी घरात बोलेनाशी झाली. शाळेतून यायचं, पुस्तकात तोंड खुपसायचं, जेवायला हाक मारली की सुस्कारा टाकायचा. अंबिकाबाई नवऱ्याच्या मागे लागल्या, "विचारा तिला काय बिनसलंय." आता मालंडकर म्हणजे ट्रकवाल्यांशी तास तास हुज्जत घालतील, पण पोरीला असं काही विचारायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. मग त्यांनी काय केलं, तर पोरीनं फ्रिजवर ठेवलेलं पुस्तक गुपचूप डब्याच्या पिशवीत घातलं आणि काट्यावर नेलं.

ती किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेली कादंबरी होती. होस्टेलवर राहणारी एक मुलगी आईला खोटी पत्रं लिहिते, सगळं छान चाललंय म्हणून, आणि आतून कुढत असते. चार दिवसांत मालंडकरांनी ती संपवली. पाचव्या दिवशी जेवताना आमटी ओरपता ओरपता म्हणाले, "ती पोरगी आईला खरं शेवटी फोनवर का सांगते? सुट्टीला घरी जाते तेव्हा समोर का नाही सांगत?"

क्षितिजाचा घास हातातच राहिला. "बाबा, तुम्ही माझं पुस्तक नेलंत?"

आधी दहा मिनिटं भांडण झालं. मग दोन तास गप्पा झाल्या. समोर सांगताना आईचा चेहरा बघावा लागतो, म्हणून फोन, असं क्षितिजानं समजावलं, आणि मालंडकरांना एकदम पुष्कळ काही कळलं. पुढच्या रविवारी बापलेक दोघं जाऊन अक्षरसंगत वाचनालयाचे सभासद झाले.

अक्षरसंगत म्हणजे पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्या. गिरणी सुरू झाली की कपाटांच्या काचा थरथरतात आणि पुस्तकांना ज्वारीचा वास लागतो. तिथल्या ग्रंथपाल मृणालिनी गद्रे, सगळ्यांच्या मृणालिनीताई. त्यांनी तिथे एक पद्धत पाडली आहे. पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर आपला अभिप्राय चिकटवायचा, दोन ओळी का होईना, खाली सभासद क्रमांक. पुढचा वाचणारा आधी मागचे अभिप्राय वाचतो आणि मग पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवतो. बहुतेक सभासद "छान आहे", "वाचनीय" असं लिहून मोकळे होतात. मालंडकर मात्र काट्यावरच्या चुकलेल्या पर्च्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, बारीक अक्षरात, मनापासून लिहायचे.

एका जुन्या रशियन कादंबरीच्या अनुवादामागे त्यांनी लिहिलंय: "पहिली ऐंशी पानं नावं पाठ करण्यात गेली. पुढे नावांवाचून माणसं ओळखू यायला लागली. धीर सोडू नये." एका प्रेमकथेमागे: "नायक गुणी आहे पण त्याला कामधंदा नाही. असता तर अर्धं पुस्तक झालंच नसतं." एका किशोर कादंबरीत बाप दारू सोडतो, त्यामागे: "एका प्रकरणात सुटली. माझ्या भावाला अकरा वर्षं लागली. तरी पोरांनी वाचावं, आशा वाटते." सभासद पुस्तकं सोडून आधी या पर्च्या शोधायला लागले. मृणालिनीताई म्हणायच्या, "मालंडकरांची पर्ची असली की पुस्तक कपाटात बसत नाही." हे ऐकलं की मालंडकर मिशीवरून हात फिरवायचे आणि काही ऐकू न आल्यासारखं करायचे.

पोरगी मोठी झाली, फिजिओथेरपिस्ट झाली, मीरा रोडला नोकरीला लागली. तिचं वाचन मागे पडलं, पण बापानं कुमारांचं कपाट सोडलं नाही. एका महिन्यात मोठ्यांचं एक, कुमारांचं एक, असा त्यांचा नेम. कुमारांचं कपाट खालच्या अंगाला, लहान पोरांच्या हाताशी येईल असं. तिथे पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीची एक जुनी कुमारमालाही होती, थोर कादंबऱ्या मुलांसाठी आटोपशीर करून छापलेली. सावे सर त्यांना तिथे उकिडवं बसलेलं बघायचे आणि हसायचे.

हरिश्चंद्र सावे सर म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज खणखणीत, मराठी शिकवण्यात हयात गेलेली. माणूस वाईट नव्हे. पण आपल्यासमोरचा प्रत्येक जण आठवीच्या वर्गात बसलेला आहे असं त्यांना वाटायचं, याला इलाज नव्हता.

गेल्या वर्षी वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा मृणालिनीताईंनी ठराव मांडला, की यंदा बाहेरून पाहुणा आणायला नको, आपल्याच एका वाचकाला बोलावू, 'मला भावलेली पुस्तकं' या विषयावर. आणि तो वाचक मालंडकर. सावे सरही हो म्हणाले. मालंडकरांनी घरी येऊन ही बातमी अशी सांगितली की जणू भाजी आणलीय, पण अंबिकाबाईंनी त्याच संध्याकाळी शेजारच्या गुजराती मंडळींना हिंदीत आणि खालच्या किराणावाल्याला गुजरातीत सांगून टाकलं. क्षितिजानं त्या दिवसाची रजा टाकली. जन्मात कधी हातात माईक न धरलेला माणूस, त्याला तासभर बोलायचं होतं.

तयारी म्हणून मालंडकरांनी जुन्यातली नामांकित कादंबरी घ्यायची ठरवली, आजवर राहून गेलेली: 'सातविणीखाली'. नव्वद वर्षांपूर्वीची. कावेरी नावाची तरुण विधवा, देवळातली समई चोरल्याचा आळ घालून दोघे दीर तिला घराबाहेर काढतात. ती रडत नाही, भेकत नाही, गावाबाहेर सातविणीच्या झाडाखाली मुलींची शाळा काढते. सावे सर दरवर्षी या कादंबरीवर भाषण करत. शेवटच्या प्रकरणात दीर तिला न्यायला येतात, कावेरी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून क्षमा मागते, शाळा बंद करून घरी परतते. 'क्षमाशीलतेचं शिखर' असं सर त्याला म्हणायचे.

मालंडकरांनी कादंबरी काट्यावर आठ दिवसांत वाचली. शेवट वाचून पुस्तक मिटलं, चहा घेतला, पुन्हा शेवटचं प्रकरण उघडलं. त्यांचं डोकंच फिरलं. मग त्यांनी एक पर्ची उलटी केली आणि लिहिलं: "तीनशे पानं ही बाई मला माहीत होती. शेवटचं प्रकरण कावेरीचं नाही. कोणीतरी दुसरीच बाई आणून बसवली आहे."

पर्ची चिकटवून पुस्तक परत गेलं आणि नेमकं सावे सरांच्या हाती पडलं.

रविवारी वाचनालयात पंधरा-वीस माणसं होती. सरांनी सगळ्यांसमोर पर्ची वाचून दाखवली. "मालंडकर, ही कादंबरी तीन पिढ्यांनी डोक्यावर घेतली. थोरामोठ्यांनी हिच्यावर लिहिलं आहे. आणि तुम्ही म्हणता बाई दुसरीच?"

"मला तसं वाटलं, सर."

"ट्रकमध्ये वाळू किती आहे ते तुम्हाला कळतं, त्याबद्दल आदर आहे. पण साहित्यात नुसतं वाटून चालत नाही." काही लोक हसले. सरांना तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण गडी थांबला नाही. "असं करा, ही पर्ची तुमच्या हातानं काढा. वर्धापनदिनाला व्यासपीठावर बसणाऱ्याचं असं काही पुस्तकात राहिलं तर वाचनालयाचं हसं होईल. नाही काढायची, तर मग आपण पाहुणा बाहेरून बोलावू."

मृणालिनीताई काही बोलणार होत्या. पण मालंडकरांनीच हळू आवाजात सांगितलं, "पर्ची राहू दे सर. पाहुणा बोलवा." आणि जिना उतरून गेले.

घरी आल्यावर ते अंबिकाबाईंना काही बोलले नाहीत. क्षितिजाला मात्र मृणालिनीताईंचा फोन आलाच होता. ती तणतणत आली, "बाबा, एक चिठ्ठी काढून टाकायला काय जात होतं? मी रजा घेतलीये. सगळ्यांना सांगून बसलेय."

"मला बोलायचं होतं गं," मालंडकर म्हणाले. "फार बोलायचं होतं. पण मी जे वाचलं ते मी वाचलंच नाही, असं कसं सांगू? मग तिथे उभा राहून बोलू तरी काय?"

क्षितिजानं खुर्ची ओढून घेतली. म्हणाली, "बरं. दुसरी बाई कशावरून, ते मला समजावा."

मालंडकर समजावू लागले आणि त्यांचं त्यांनाच काही उमगत गेलं. कावेरी तीनशे पानांत एकदाही रडत नाही. नवरा जातो तेव्हा नाही, आळ येतो तेव्हा नाही. शेवटच्या प्रकरणात मात्र दोनदा 'घळाघळा' रडते. वाक्यं एकदम आखूड होतात. आणि शेवटी चक्क उपदेश येतो, वडीलधाऱ्यांचा मान राखावा म्हणून. "हे मी कुठेतरी वाचलंय," ते म्हणाले. "हे पुस्तक नाही, पण हा बोलणारा माणूस मला ओळखीचा आहे."

दुसऱ्या दिवशी काट्यावरून परतताना ते सरळ वाचनालयात गेले आणि कुमारांच्या कपाटापुढे फतकल मारून बसले. ती जुनी कुमारमाला एकेक करून काढली. नऊ पुस्तकं. नऊच्या नऊ पुस्तकांत शेवटच्या पानांवर कोणी ना कोणी घळाघळा रडत होतं आणि त्यानंतर उपदेश होता. छापणारा प्रकाशक 'सातविणीखाली'चाच, छपाईचे खिळे तेच, कागदाचा आकार तोच. पाठीमागे मालेची यादी होती. यादीत दहावं नाव होतं, 'सातविणीखाली, कुमार आवृत्ती'. आणि दहावं पुस्तक कपाटात नव्हतं.

मृणालिनीताईंनी जुनं दाखल रजिस्टर काढलं. मोठी आणि कुमार, दोन्ही आवृत्त्या वाचनालयात होत्या. चौदा वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी बांधणीला गेल्या होत्या, उत्तनच्या कॉन्रॅडकडे. परत आली होती एकच.

कॉन्रॅड बाइंडर अजून हयात आहे. रविवारी सकाळची चर्चमधली मिस्सा आटोपून तो घराच्या पडवीत बसला होता, तेव्हा मालंडकर, क्षितिजा आणि मृणालिनीताई तिघं रिक्षातून उतरले. सत्तरी पार केलेला माणूस, बोटांना अजून खळीचा वास. पुस्तक हातात घेऊन त्यानं पाठीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"माझंच काम हाय," तो म्हणाला. "मोठ्या कापीला वाळवी लागलेली. शेवट पार खाल्लेला. बारकी कापी मधी फाटलेली, पण तिचा शेवटचा फर्मा, म्हंजी शेवटच्या पानांची घडी, चांगला व्हता. बघितला, नाव तेच, कावेरी तीच. मग तो हिला शिवला. पुस्तक अर्धं द्यायचं न्हाय, हा आपला नेम हाय."

"आणि पानांचे आकडे?" मृणालिनीताईंनी विचारलं.

"खालच्या कडा कुजलेल्या. बोटभर कापल्या सगळ्या. आकडे त्यात गेले." प्रकरणांना तर आकडे नव्हतेच, वर नुसतं एक छापील फूल होतं. कॉन्रॅडनं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "चुकलं काय?"

"नाही हो," मालंडकर घाईघाईनं म्हणाले. "शिवण एक नंबर आहे. चौदा वर्षं कोणाला कळली नाही."

म्हातारा खूश झाला आणि त्यानं तिघांना घरची केळी खायला लावली. परतीच्या रिक्षात क्षितिजा बापाकडे बघत राहिली. मुर्धा गाव मागे पडलं तरी तिची नजर हलेना. "काय बघतेस?" मालंडकरांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, आणि लहानपणी धरायची तसा तिनं त्यांचा दंड धरला.

मृणालिनीताईंनी ठाण्याच्या एका मोठ्या ग्रंथालयातून मूळ आवृत्ती मिळवली. शेवट निराळाच होता. ती प्रत घेऊन त्या सावे सरांच्या घरी गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मालंडकरांना फक्त निरोप आला, की पाहुणा रद्द, बोलायचं तुम्हीच. ताई त्यांना शेवट दाखवायला निघाल्या, तर यांनी हात आडवा केला. "आत्ता नको. सगळ्यांबरोबर वाचू द्या."

वर्धापनदिनाला गिरणीवाल्यानं मुद्दाम गिरणी बंद ठेवली. दोन्ही खोल्या भरल्या, माणसं जिन्यात बसली. अंबिकाबाई पहिल्या रांगेत नव्या साडीत. काट्यावरचे चार ड्रायव्हर आलेले, त्यांतल्या दोघांना मराठी धड कळत नव्हतं. सावे सर प्रास्ताविकाला उठले. नेहमीचा कागद हातात नव्हता.

"कॉलेजात मी 'सातविणीखाली' वाचली होती," ते म्हणाले. "पण शेवट आठवत नव्हता. आपल्या वाचनालयाच्या प्रतीत होता तो खरा धरला आणि त्यावर तेरा भाषणं ठोकली. तुम्ही ऐकलीत. मी मराठीचा शिक्षक, मला लेखकाचा आवाज बदलल्याचं कळलं नाही. मालंडकरांना कळलं, कारण आपण ज्या कपाटाकडे वाकून बघत नाही, ते यांनी सगळं वाचलं आहे. मी यांना सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं." आणि त्यांनी आपली खुर्ची मालंडकरांसाठी पुढे सरकवली.

मालंडकर बसले नाहीत. उभ्यानंच ठाण्याहून आणलेली प्रत उघडली आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं. दीर न्यायला येतात. कावेरी शाळा सुटेपर्यंत त्यांना झाडाखाली बसवून ठेवते. मग स्वतः भाकरी थापते, दोघांना पोटभर जेवायला वाढते, हातावर पाणी घालते. आणि सांगते, की आता उजेड आहे तोवर निघा, उद्या माझ्या मुलींची परीक्षा आहे. रडत नाही. मागेही वळून बघत नाही.

वाचून झालं. मालंडकरांनी चष्मा काढून पुसला.

"बघा, मालंडकर," सावे सर खालून म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात तीच बाई."

"नाही सर." मालंडकरांनी मान हलवली. "मी मनात वेगळा शेवट धरून बसलो होतो. मी असतो तर त्यांना घोटभर पाणीसुद्धा दिलं नसतं. दारातूनच हाकललं असतं. तिनं जेवायला वाढलं. मी तिला ओळखतो म्हणून मिरवत होतो, आणि ती माझ्यापेक्षा केवढी मोठी निघाली." एवढं बोलून ते थांबले, मिशी पुसली, आणि मग तासभर बोलत राहिले. अंबिकाबाईंनी नंतर सगळ्या बिल्डिंगला तीन भाषांत सांगितलं, की मध्ये एकदाही पाणी प्यायले नाहीत.

पुढच्या रविवारी मालंडकर पुस्तक बदलायला वाचनालयात गेले, तेव्हा कुमारांच्या कपाटापुढे सावे सर उभे होते. गुडघे दुखतात, त्यामुळे खाली बसता येत नव्हतं. त्यांनी पोरांचं बुटकं बाक ओढून घेतलं, जपून त्यावर टेकले आणि वर बघून विचारलं, "मालंडकर, यातलं आधी कोणतं वाचू?"